विंगेतली सुरसुर

साउंडवाल्याने स्वतःचा हेडफोन काढून मामांच्या कानांवर चढवला आणि म्हणाला, "ऐका." काय ऐकायचं ते मामांना आधी उमगलंच नाही. नाटकात मुख्य काम करणाऱ्या बाईंचा आवाज होता. तिसऱ्या अंकातला, विकलेल्या घराच्या खिडकीपाशी उभ्या राहून त्या बोलतात तो. "घर गेलं म्हणून खिडकी जात नाही," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. त्या थांबण्यासाठी माणसं पुन्हा पुन्हा तिकिटं काढत, त्याच्यावर लेख लिहीत. आणि त्या शांततेच्या अगदी मधोमध आलं, सूंऽऽ. ओलं, लांबलेलं, शेवटी घशात जाऊन आपटणारं. मामा म्हणाले, "कुणी तरी पहिल्या रांगेत असेल. माणसं आजारी असली तरी येतात मेली." साउंडवाला हसला. "पहिल्या रांगेत नाही हो, तुम्ही. नवे माइक आहेत, मुंगी शिंकली तरी पकडतात." वाईट माणूस नव्हता तो, चहा प्यायला बोलवायचा, पाठीवर थाप मारायचा. पण मामांचे कान असे तापले की त्यांनी हेडफोन घाईघाईने उतरवून ठेवला. इतकी वर्षं त्या विंगेत बसून आपण जगाला ऐकू जात नाही, एवढा एकच अभिमान त्यांनी बाळगला होता.

नाटकमंडळी त्यांना समोर मामा म्हणत आणि पाठीमागे सुरसुर. हे त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हे मंडळींनाही ठाऊक होतं, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं. नटांना विसरलेला शब्द पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरला नाव कशाला हवं? डाव्या विंगेत, पडद्याच्या घडीमागे, एक स्टूल, कापड गुंडाळलेला मिणमिणता दिवा आणि मांडीवर संहिता. त्यांना कधीच सर्दी झालेली नसायची आणि नाक मात्र बारा महिने वाहायचं, नाहीतर बंद. दिवे तापले की वाहायचं, वातानुकूलन सुरू झालं की वाहायचं. कुणी नटी अत्तर लावून बाजूने गेली तर विचारायलाच नको. आणि नाटकात कुणी मेलं की वाहायचं. ते मात्र नेहमीचं की रडण्याचं, मामांनी कधी तपासलं नाही. कधीकाळी एका औषधवाल्याने थेंबांची बाटली हातावर ठेवली होती. दोन थेंब टाकले की नाक झटक्यात उघडायचं आणि मग पुन्हा घट्ट बंद व्हायचं, पहिल्यापेक्षा घट्ट. मग पुन्हा दोन थेंब. खिशात रुमाल नसला तरी चालेल, बाटली हवीच. बायको म्हणायची, "माझ्यापेक्षा त्या बाटलीशी संसार जास्त झालाय तुमचा."

दिग्दर्शकाने नीट समजावून सांगितलं. तो आवाज चढवणारा नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटायची. "मामा, नाटकाचं चित्रीकरण ठरलंय. दुपारचा प्रयोग आहे, भरल्या थिएटरात. सूं चालणार नाही. नाकाचं काय ते बघा. नसेल जमत तर सोपा उपाय आहे. बाईंच्या कानात बटणाएवढं यंत्र बसवू, मागच्या खोलीतून कुणीही वाचेल. तुम्हाला तरी किती त्रास द्यायचा?" कुणीही वाचेल, म्हणाला तो. मामा 'बरं' म्हणाले. बरं म्हणण्याशिवाय माणूस काय करू शकतो? पण घरी जाताना बसमध्ये त्यांना घोर लागला, तो स्वतःच्या नोकरीचा नव्हता. बाई विसरत होत्या. थोडंथोडकं नाही, ओळीच्या ओळी. आणि हे जगात एकट्या मामांना माहीत होतं.

त्यांना ते कसं कळलं, हे शब्दांत सांगता आलं नसतं. बाई थांबत तेव्हा श्वास आत ओढून धरत. ते थांबणं त्यांचं स्वतःचं, त्यात नाक खुपसायचं नाही, तोंड मिटून बसायचं. पण अलीकडे कधी कधी बाई थांबत आणि श्वास सोडून देत. खांदे एवढेसे खाली येत. मागच्या रांगेपर्यंत कुणालाही ते दिसलं नसतं. तिथे शब्द द्यायचा. एकच, वाक्याचा पहिला, तोही इतका बारीक की हवेने आणून टाकल्यासारखा वाटावा. बाई तो उचलत आणि पुढे निघत. लोक म्हणत, वय झालं तशी बाईंची शांतता काय खोल होत चाललीय! मामा स्टुलावर बसून ते ऐकत. वर्षभरात अशा जागा वाढत वाढत गेल्या होत्या, आणि त्या दोघांनी एकमेकांशी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. बाई विंगेकडे कधी बघतही नसत. प्रॉम्प्टरकडे बघणारा नट म्हणजे भिकारी, असं त्या तालमीत नव्या पोरींना खडसावत. आता मागच्या खोलीतून कुणी वाचायला लागला तर त्याला हे खांदे दिसणार नव्हते. तो प्रत्येक थांबण्यात वाक्यं कोंबणार किंवा प्रत्येक विसरण्यात गप्प बसणार. एका प्रयोगात सगळं उघडं पडलं असतं, आणि नाटक गेलं की बाईंकडे काय उरणार होतं? एक भाची होती, ती टॅक्सीने सोडायला आणि न्यायला यायची. तेव्हा नाक बरं करायचं. वाट्टेल ते करून करायचं.

नाकाचा डॉक्टर तरुण होता, आणि त्याच्या खोलीत सारखी थंड हवा येत होती, त्यामुळे मामांची तपासणी आपोआपच झाली. त्याने नळीला लावलेल्या बारीक दिव्याने आत पाहिलं, तपासण्या चाळल्या आणि म्हणाला, "जंतू नाहीत. ॲलर्जीही नाही. तुमचं नाक घाबरट आहे, एवढंच. थंड हवा आली की घाबरतं, वास आला की घाबरतं. रागावलात, रडलात तरी घाबरतं. घाबरलं की सुजतं आणि पाणी सोडतं." मामांना ते इतकं पटलं की त्यांना स्वतःच्या नाकाची कीव आली. मग डॉक्टरने खिशातली बाटली काढायला लावली आणि ती दोन बोटांत धरून उजेडात बघितली. "किती वर्षं घालताय?" मामांनी सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलला. "मामा, हे चार दिवसांचं औषध आहे. हे नाक उघडत नाही, हे उसनं उघडतं. उतरलं की दुप्पट सुजतं." त्याने बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली. ठक्कन आवाज आला तेव्हा मामांना हातातली काठी कुणी काढून घेतल्यासारखं वाटलं.

नवा फवारा त्याने स्वतः हातात धरून दाखवला. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारायचा, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने. मान वर नाही, खाली, बुटांकडे बघायचं. नळी मधल्या पडद्यावर रोखायची नाही, त्याने रक्त येतं. बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या रोखाने धरायची. आणि मारल्यावर फर्रकन ओढायचं नाही, ओढलं की सगळं घशात जातं, कडू लागतं आणि नाक कोरडंच राहतं. नुसता साधा श्वास घ्यायचा. "आयुष्यभर ओढायची सवय आहे," मामा म्हणाले. "ती सोडा. आणि ऐका, लगेच काही होणार नाही. दोन-तीन आठवडे वाटेल की हा डॉक्टर लफंगा आहे. तरी रोज मारा."

ते आठवडे मामांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. थेंब बंद झाले आणि नाकाने सूड उगवला. दोन्ही बाजू अशा बुजल्या की पाणी पिताना जीव गुदमरायचा. उशा रचून बसून झोपायचं, तोंड उघडं, सकाळी जीभ लाकडासारखी. बायकोची चिडचिड व्हायची आणि मग तिला वाईटही वाटायचं. "द्या सोडून ते फॅड. मीच आणते मेली ती जुनी बाटली." मामा मान हलवायचे, नाही. फवारा मारायचे, बुटांकडे बघून. त्या दिवसांतले प्रयोग तर कठीणच गेले. श्वास तोंडाने घ्यायचा आणि शब्दही तोंडानेच द्यायचा, एक करावं तर दुसरं राहायचं. रुमाल दातांत धरून ते सुरसुर दाबायचे, तरी निसटायचीच. निसटली की त्यांना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण बाई त्या दिवसांत छान बोलत होत्या. एक-दोन जागा सोडल्या तर खांदे खाली आलेच नाहीत. मामांना वाटलं, बरी लक्षणं आहेत. थोडं सोसलं की सगळंच सुरळीत होईल.

मग एके सकाळी बायको चहाचा कप घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "काल झोप नाही लागली मला." का गं, म्हणाले तर, "तुमचा आवाज नाही, काही नाही. घर नुसतं सामसूम. दोनदा नाकाखाली बोट धरून बघितलं, आहात की गेलात." मामा मोठ्याने हसले आणि हसता हसता लक्षात आलं की हसणं नाकातून बाहेर पडतंय. त्यांनी श्वास घेतला. तो कुठेही न अडता, कपाळामागून सरळ खाली छातीत गेला. चहाला वास होता! ते उठून घरभर फिरले. साबण हुंगला, वर्तमानपत्र हुंगलं, ओल्या फडक्याचा कुबट वाससुद्धा घेतला. बायकोच्या मानेपाशी नाक नेलं तर तिने ढकलून दिलं. "वेड लागलंय का या वयात?" आवाजही वेगळा येत होता. मघापासून घरात कुणी तिसराच माणूस बोलतोय असं त्यांना वाटत होतं, तो तेच होते. स्वच्छ, कोरडा, जरा तरुणच आवाज. चित्रीकरण दोन दिवसांवर होतं. किती तरी वर्षांनी मामांना काहीतरी जमलं होतं.

चित्रीकरणाच्या दुपारी ते लवकर गेले. रिकाम्या रंगमंचावर दोरांचा, सरसाचा, तापलेल्या दिव्यांवरच्या धुळीचा वास येत होता. त्यांनी उभं राहून तो घेतला. इतकी वर्षं इथे बसलो आणि हे माझ्यापर्यंत आलंच नाही, असं वाटून त्यांना भरून आलं, तरी नाक कोरडं राहिलं. शाबास. मग प्रत्येक प्रयोगाआधी जात तसे ते बाईंना पाणी द्यायला मेकअपच्या खोलीत गेले. दारातच वास आला. पावडरचा होता, मेणाचा होता, आणि त्याच्याखाली दुसरा. मामांनी आधी तो ओळखायचंच नाकारलं. लघवीचा होता. आजचा नव्हे, मुरलेला, कपड्यांच्या घड्यांतला, पायमोज्यांतला, बरेच दिवस कुणी आंघोळ न घातलेल्या अंगाचा. बाई आरशासमोर ताठ बसून ओठ रंगवत होत्या. किती दिवस चाललं असेल हे? रंगभूषावाल्याला माहीत असणार, भाचीला माहीत असणार. सगळ्यांना येत असणार हा वास, आणि सगळ्यांनी गप्प राहायचं ठरवलं असणार. मामांना वाटत होतं की बाईंचं गुपित एकट्या आपल्याजवळ आहे. ते पाण्याचा पेला हातात धरून उभे राहिले. कुणाला सांगणार? "ठेव तिथे," बाई आरशातूनही न बघता म्हणाल्या. त्यांनी ठेवला.

पहिले दोन अंक गेले. मामा स्टुलावर बसले होते आणि त्यांच्या नाकातून काहीही ऐकू येत नव्हतं. साउंडवाल्याने पलीकडून अंगठा वर करून दाखवला. पण बाई आज सारख्या अडखळत होत्या. अडखळणं शब्दांचं नव्हतं. त्या चालता चालता मध्येच मान किंचित कलती करत, स्वयंपाकघरात दूध ठेवून आलेली बाई जशी बोलता बोलता कान देते तशी. मामांनी दोनदा शब्द दिला. दोन्ही वेळा बाई दचकल्या. तिसरा अंक सुरू झाला, खिडकी आली. "घर गेलं म्हणून खिडकी जात नाही," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. श्वास धरला. छान. भरलेलं थिएटर त्या श्वासाबरोबर थांबलं. मग बाईंनी श्वास सोडून दिला.

मामांनी शब्द दिला. "पलीकडचं." बाईंचे खांदे खाली आले होते ते वर गेले नाहीत. "पलीकडचं झाड," मामा म्हणाले, जरा मोठ्याने. मोकळ्या नाकातून शब्द लख्ख बाहेर पडला. बाईंनी मान वळवली आणि आयुष्यात पहिल्यांदा विंगेत बघितलं. उजेडातून अंधारात बघणाऱ्या माणसाला काही दिसत नाही, हे मामांना माहीत होतं. त्यांना मात्र बाईंचे डोळे दिसले, आणि त्यांत नुसती भीती होती. "कोण आहे तिथे?" बाई म्हणाल्या. प्रेक्षकांना वाटलं नाटकातलंच आहे, कुणी तरी हुंकारलंसुद्धा. मामांनी अख्खं वाक्य दिलं, तीन रांगांना ऐकू जाईल एवढ्याने. "पलीकडचं झाड कुणी विकत घेतलेलं नाही." बाई दोन पावलं मागे सरल्या. "तू नाही," त्या म्हणाल्या. "तो कुठे गेला? तो कुठाय?" आणि मग हाक मारायला तोंड उघडलं तर हाक मारायला नावच नव्हतं. तेवढ्यात घर विकत घेणाऱ्याचं काम करणारा नट आपल्या वेळेच्या आधीच धावत आत आला, त्याने बाईंच्या खांद्यांवर हात ठेवून स्वतःच्या मनाने चार वाक्यं ठोकली आणि पडदा पडला. टाळ्या पडल्या. लोकांना खूप आवडलं.

दिग्दर्शकाने बोळकांडीत गाठलं. "तब्येत बिघडली म्हणून सांगायचं. पुढचे प्रयोग थांबवू. मग बघू दुसरी कुणी." त्याचेही डोळे लाल होते. "तुमची चूक नाही, मामा. उलट तुम्ही आज... आज अगदी आवाज नव्हता तुमचा." असं म्हणून तो निघून गेला. भाची टॅक्सी बघायला बाहेर गेली होती. जाता जाता मामांना म्हणाली होती, "जरा बसा ना त्यांच्याजवळ." मामा मेकअपच्या खोलीत गेले. वास तसाच होता.

"कोण?" बाई म्हणाल्या.

"मी, बाई. मामा."

"खोटं बोलू नकोस. मामा असा नाही." बाई आरशातून त्यांच्याकडे बघत होत्या, सभ्यपणे, अनोळखी माणसाकडे बघावं तसं. "मामाचं आधी नाक येतं, मग मामा येतो." आणि त्या हसल्या, खोडकर, तालमीत हसत तशा. "घाण सवय. किती वेळा वाटलं, सांगावं मेल्याला, नाक शिंकरून ये. पण नाही सांगितलं. का माहितीय? कुणाला सांगू नकोस. मी तिथे उभी असते ना, दिव्यात, मला काही आठवत नाही. कुठलं नाटक, कुठलं गाव, काही नाही. मी कोण तेही नाही. नुसतं पांढरं. मग डावीकडून येतं ते, सूं. म्हटलं, आहे. आहे मेला अजून. मग येतं सगळं." त्यांनी ओठांवरचा रंग बोटाने पुसला. "आज तो आलाच नाही. गेला वाटतं. कुणी सांगितलं पण नाही मला."

मामा खाली वाकले. बाईंच्या खुर्चीशेजारी, गुडघ्यांवर. "मी आहे, बाई. हे बघा," आणि त्यांनी नाक ओढलं. कोरडी, स्वच्छ हवा आत गेली. फुस्स. पुन्हा ओढलं. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी बोट उगारलं. "नक्कल करू नकोस त्याची," त्या म्हणाल्या.

खिशात फवारा मांडीला टोचत होता. कचऱ्याच्या डब्यात टाकलेली बाटली, रचलेल्या उशा, दातांतला रुमाल, हे सगळं आपण हिच्यासाठी केलं. हिच्याचसाठी केलं! आणि आता हे हिला कुठल्या तोंडाने सांगायचं, आणि ऐकायला आहे कोण? मामांच्या नाकाच्या मुळाशी, डोळ्यांच्या कोपऱ्यांत, जिथे तो फवारा रोखायचा असतो तिथे, काहीतरी तापलं. मग घाबरट नाक घाबरलं. त्यांनी अडवायचं म्हणून ओढलं, आणि ते आलं. ओलं, लांबलेलं, शेवटी घशात जाऊन आपटणारं.

बाईंची पाठ सरळ झाली. "आलास?" त्या म्हणाल्या. "कुठे मेला होतास इतका वेळ? लोक खोळंबलेत बाहेर." त्या उठल्या, झगा नीटनेटका केला, हनुवटी वर घेतली. "जा, जागेवर जा. घंटा द्यायला सांग."

बाहेर खुर्च्यांच्या रांगांमधून केर काढत होते. मामा उठले आणि कपड्यांच्या कपाटाआड, बाईंच्या डावीकडे, त्यांना दिसणार नाही असे उभे राहिले. बाईंनी भिंतीकडे तोंड केलं. "घर गेलं म्हणून खिडकी जात नाही," त्या म्हणाल्या, थांबल्या, आणि कान दिला. मामांनी नाक ओढलं. "पलीकडचं झाड कुणी विकत घेतलेलं नाही," बाई म्हणाल्या आणि पुढे निघाल्या, एकही शब्द न चुकता. पण नाक पुन्हा कोरडं पडायला लागलं होतं. औषध चांगलं होतं. बाईंचं भाषण लांब होतं. मामा रडत राहिले.